पोहायला आलो, गायला नाही

१९७६ चा जुलै. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ऑलिंपिक सुरू होतं. पोहण्याच्या तलावाशेजारी कपडे बदलायच्या खोलीत अमेरिकेच्या मुली शिरल्या आणि दचकून थांबल्या. आतून पुरुषांचे आवाज येत होते. आपण भलत्याच खोलीत आलो की काय, असं वाटून त्या घाबरल्या. आत पुरुष कोणी नव्हते. पूर्व जर्मनीच्या पोहणाऱ्या मुली आपसात बोलत होत्या, एवढंच. अमेरिकेची जलतरणपटू शर्ली बाबाशॉफ हिने हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे.

ते आवाज पत्रकारांच्याही कानावर गेले होते. तुमच्या मुलींचे आवाज असे घोगरे कसे, असं पूर्व जर्मनीच्या प्रशिक्षकाला विचारलं गेलं, तेव्हा मिळालेलं उत्तर जगभर छापून आलं. आम्ही इथे पोहायला आलोय, गायला नाही.

उत्तर तसं फर्मास. ऐकणाऱ्यांमध्ये हशाही पिकला असेल. पण मी कविता लिहिणारा माणूस आहे. आवाज फक्त गाणाऱ्यालाच लागतो, हे मला काही पटत नाही. मराठीत मुलगा वयात आला की त्याला कंठ फुटला असं आपण म्हणतो. आमच्या मोहल्ल्यात नात म्हणणारा एखादा गोड गळ्याचा पोरगा असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटतो आणि माइक त्याच्या धाकट्या भावाच्या हाती जातो. त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. मुलींसाठी हा वाक्प्रचार आपल्याकडे नाही, कारण त्याची गरज पडत नाही. पूर्व जर्मनीत ती गरज पडली, आणि ती निसर्गाने पाडली नव्हती. सरकारच्या ठरावाने पाडली होती.

आधी थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा तुकडा सोव्हिएत रशियाच्या छायेतला, कम्युनिस्ट राजवटीचा. माणसं पळून जातात म्हणून १९६१ साली त्यांनी बर्लिनच्या मधोमध भिंत घातली. लोकसंख्या जेमतेम पावणेदोन कोटी, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या मुंबई शहराच्या दीडपटीहूनही कमी. पश्चिमेकडचे बरेच देश तर कित्येक वर्षं या राष्ट्राला मान्यताच द्यायला तयार नव्हते. मोठी सेना, पैसा, तेल यांपैकी काहीही जवळ नसलेल्या राष्ट्राने जगाला आपलं नाव कसं घ्यायला लावायचं? त्यांनी खेळ निवडला. खेळाडूंना तिथे ‘ट्रॅकसूटमधले राजदूत’ म्हणत. आपली समाजव्यवस्था श्रेष्ठ आहे हे पुस्तकात सिद्ध करण्यापेक्षा पदकांच्या तक्त्यावर सिद्ध करणं सोपं, असा तो हिशेब होता. १९६८ मध्ये मेक्सिकोत त्यांचा स्वतंत्र संघ पहिल्यांदा उतरला, तेव्हा ९ सुवर्णपदकं मिळाली. १९७२ मध्ये म्युनिकला २० आणि १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला ४०. पुढे फक्त सोव्हिएत संघ होता, ४९ पदकांचा. अमेरिका ३४ वर, तिसरी.

मुलींच्या पोहण्याचे आकडे तर चमत्कारच वाटावेत असे. म्युनिकला पूर्व जर्मनीच्या मुलींना पोहण्यात एकही सुवर्णपदक नव्हतं. पुढच्याच वर्षी बेलग्रेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे १४ पैकी १० सुवर्णपदकं त्यांची. मॉन्ट्रियलला १३ पैकी ११. सतरा वर्षांच्या कोर्नेलिया एंडरने चार सुवर्णपदकं घेतली. संघातल्या काही मुली पंधरा वर्षांच्या, तर एखादी चौदाची. आपल्याकडे या वयात नववी-दहावीची चाचणी परीक्षा चालू असते.

या मुली यायच्या कुठून? १९७३ पासून तिथे शाळकरी मुलांची देशभर एका पद्धतीने पाहणी होऊ लागली. पोरांची उंची मोजायची, वजन घ्यायचं, धावण्या-फेकण्याच्या चाचण्या घ्यायच्या, पुढे हे शरीर कसं वाढेल याचा अंदाज बांधायचा. ज्यांचा अंदाज बरा, त्यांची रवानगी खास क्रीडाशाळांमध्ये व्हायची. मुलांच्या आणि युवकांच्या या क्रीडाशाळांना जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून केजेएस म्हणत. मुलगी शाळेत ‘दाखल’ होत नसे, ती ‘डेलिगेट’ होत असे, म्हणजे राष्ट्रातर्फे पाठवली जात असे. निकाल घसरला की उलट्या दिशेने तोच शब्द लागायचा आणि ती आपल्या गावच्या साध्या शाळेत परत यायची. शाळेचं वेळापत्रक तलावाच्या वेळापत्रकाभोवती बसवलेलं असायचं. सराव जास्त असेल तर एका वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत, पण सराव बुडायचा नाही.

आणि लाड? ते आपल्याला कदाचित हास्यास्पद वाटतील. संत्री आणि केळी. पूर्व जर्मनीत ही फळं मिळायची मारामार. सणासुदीला रांग लावून संत्री घ्यावी लागायची, या मुलींच्या ताटात ती नेहमीची होती. साध्या माणसाला ट्रॅबंट गाडीसाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षांहून जास्त थांबावं लागे. पदक मिळवणाऱ्याची रांग आपोआप सरकायची. घराचंही तसंच. आणि सगळ्यांत मोठा लाड म्हणजे भिंतीपलीकडचं जग पाहायला मिळणं. शेजारपाजारच्या लोकांना जे जन्मभर दिसणार नव्हतं, ते पॅरिस, ते मॉन्ट्रियल या पोरी चौदाव्या वर्षी पाहून यायच्या. तेव्हा या मुलींना आपल्या वेगळेपणाचा काहीच तोरा नव्हता असं मी म्हणणार नाही. हजारो मुलांतून निवडलेल्या, अंगावर राष्ट्राची अक्षरं असलेला ट्रॅकसूट, घरी गेलं की गल्लीतली मुलं टक लावून पाहणार. या वयात तोरा यायला याहून कितीतरी कमी पुरतं.

मग यायची ती गोळी. निळ्या रंगाची, छोटीशी. ओरल-टुरिनाबोल तिचं नाव. येनाफार्म या सरकारी औषध कारखान्यात ती तयार व्हायची. पुरुषी संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून प्रयोगशाळेत बनवलेलं हे औषध, स्नायू वाढवणारं. २३ ऑक्टोबर १९७४ रोजी सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीत निर्णय झाला आणि हे सगळं गुप्तपणे एका योजनेखाली आलं. योजनेला नाव नव्हतं, क्रमांक होता: राज्य योजना विषय १४.२५. कागदोपत्री ‘उत्तेजक’ हा शब्द कुठेही यायचा नाही. ‘साहाय्यक साधनं’ म्हणायचे. सरकारी भाषेची ही तऱ्हा कुठल्याही देशात सारखीच दिसते. नको ती गोष्ट करायची झाली की पहिल्यांदा तिचं बारसं होतं.

मुलींना सांगितलं जायचं, जीवनसत्त्वं आहेत. गोळी वेष्टनातून काढलेली असायची. बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षकासमोर गिळावी लागायची, म्हणजे घरी नेऊन कोणाला दाखवायला नको. आईबापांना पत्ता नाही. ज्या बाराव्या-चौदाव्या वर्षी शरीर स्वतःच रोज नवं काहीतरी करत असतं, त्या वयात त्यात बाहेरून आणखी काय घातलं जातंय हे त्या मुलीला कळणार कसं? खांदे रुंद व्हायचे, ब्लाउज दंडाशी फाटायचे. चेहऱ्यावर, पोटावर, पायांवर केस यायचे. मुरमं, अचानक वाढलेलं वजन, पाळीचे घोटाळे. आणि आवाज उतरायचा. यातल्या काही गोष्टी गोळ्या बंद केल्यावर कमी होतात. आवाज होत नाही. स्वरतंतू एकदा जाड झाले की झाले. ते जन्माचं देणं.

डॉक्टरांना हे माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. क्रीडावैद्यक सेवेतले वरिष्ठ डॉक्टर मानफ्रेड ह्योप्नर हे ‘टेक्निक’ या टोपणनावाने स्टासी या गुप्त पोलीस खात्याचे खबरेही होते. १९७७ मधल्या त्यांच्या एका अहवालात मुलींच्या अंगावरचे केस, बदललेले आवाज यांची नोंद सरळ सरळ केलेली आहे. नोंद झाली, फाइल बंद झाली, गोळ्या चालू राहिल्या. त्याच वर्षी गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक हेलसिंकीच्या स्पर्धेत उत्तेजक चाचणीत सापडली. त्यातून धडा घेतला गेला, पण भलताच. परदेशी जाण्याआधी खेळाडूंची चाचणी ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा इथल्या प्रयोगशाळेत होऊ लागली. ज्याच्या लघवीत अजून अंश सापडतोय, त्याला ‘दुखापत’ व्हायची आणि तो विमानात बसायचा नाही. ही प्रयोगशाळा ऑलिंपिक समितीची मान्यताप्राप्त होती. आज तिथे खरोखरीच उत्तेजकं शोधण्याचं काम होतं, आणि ते चांगलं होतं असं म्हणतात.

माझा मुद्दा औषधाचा नाही. तो डॉक्टरांनी सांगावा. मला कुतूहल आहे ते या मुलींच्या वागण्याचं. १९८८ साली सोलचं ऑलिंपिक आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहत होतो. क्रिस्टिन ओटो नावाची पूर्व जर्मन मुलगी एकामागून एक सहा सुवर्णपदकं घेऊन गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या आपाने विचारलेला प्रश्न लक्षात राहिला. ती म्हणाली, “सगळ्या देशांच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडतात, या मात्र आपापल्यातच. एवढा कसला गर्व म्हणते मी!”

जगाने हाच प्रश्न विचारला आणि हेच उत्तर काढलं. कुणाशी बोलत नाहीत, हसत नाहीत, घोळक्याने येतात, घोळक्याने जातात. गर्विष्ठ आहेत. त्या बोलत नव्हत्या याचं एक कारण अगदी साधं होतं. पश्चिमेकडच्या खेळाडूंशी संबंध ठेवायला मनाई होती आणि संघातच खबऱ्यांची पेरणी होती. पण दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. आपण तोंड उघडलं की समोरचा आपल्याकडे कसा पाहतो, हे ज्या मुलीला एकदा कळलंय, ती दुसऱ्यांदा तोंड उघडायला कचरणारच. दुकानात काही मागायचं तर बोलावं लागतं. फोन उचलला की पलीकडचा विचारणार, तुमची मुलगी आहे का घरात? पंधराव्या वर्षी आरशात दिसणारं साधं पुटकुळीचं दुःखही केवढं मोठं असतं! इथे तर आपल्या गळ्यातून दुसराच कोणी बोलत होता. आपण जगात श्रेष्ठ आहोत असं या पोरींना रोज सांगितलं जात होतं, आणि त्याच वेळी आपल्या शरीराची लाज वाटावी असं काहीतरी त्यांना रोज दिलं जात होतं. दोन्ही गोष्टी एकाच हातून येत होत्या. श्रेष्ठत्व होतं ते सरकारचं, तक्त्यावर मोजायचं. अवघडलेपण मात्र मुलींच्या वाट्याचं राहिलं, आणि सरकार बुडाल्यावरही ते गेलं नाही.

या गोष्टीत खरं बोलणारी एक मुलगी होती, तिचंही ऐकून घ्या. शर्ली बाबाशॉफ तेव्हा १९ वर्षांची. मॉन्ट्रियलला २००, ४०० आणि ८०० मीटर फ्रीस्टाइल, तिन्हींत दुसरी, तिन्ही वेळा पुढे पूर्व जर्मनीची मुलगी. तिने उघड बोलून दाखवलं की हे प्रकरण सरळ नाही. त्यांचे आवाज ऐका, अंगं पाहा. अमेरिकेतल्याच वर्तमानपत्रांनी तिला हरल्यावर रडणारी, तुसडी ठरवलं. तिच्या नावाशी यमक जुळवून ‘सर्ली शर्ली’ असं टोपणनावही पाडलं. आम्ही यमकवाले लोक. एक वाईट यमक माणसाच्या नावाला किती वर्षं चिकटून राहतं, हे आम्हाला ठाऊक असतं. पुढे ती कॅलिफोर्नियात पोस्टात नोकरीला लागली, घरोघरी टपाल वाटायची. शेवटच्या दिवसांत अमेरिकेच्या मुलींनी ४ गुणिले १०० मीटरची रिले जिंकली, ते सुवर्णपदक मात्र तिचं आहे. संशयाला जागा नसलेलं.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये भिंत पडली, पुढच्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाले. फाइली जाळायचं काम जोरात सुरू होतं. तरी हायडेलबर्गचे जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके बाड झारो इथल्या लष्करी वैद्यकीय अकादमीपर्यंत पोचले आणि गुप्त प्रबंधच त्यांच्या हाती लागले. होय, प्रबंध. कोणाला किती मात्रा, किती दिवस, वेळेत किती फरक, सगळं शास्त्रशुद्ध लिहून डॉक्टरांनी त्यावर पदव्या घेतल्या होत्या. फ्रांके यांच्या पत्नी ब्रिगिटे बेरेंडोंक स्वतः थाळीफेकपटू, लहानपणीच पूर्व जर्मनीतून कुटुंबाबरोबर निसटलेल्या. १९९१ साली त्यांनी ही कागदपत्रं पुस्तकरूपात बाहेर काढली. दहा हजारांच्या आसपास खेळाडू या योजनेखाली गेले असावेत, असा अंदाज आहे. जर्मन माणसाची नोंदी ठेवायची सवय शेवटी या मुलींच्या कामी आली, असं म्हणायला हरकत नाही.

१९९८ साली बर्लिनच्या कोर्टात पहिला खटला उभा राहिला, आणि मग या मुली बोलल्या. आता त्या पस्तिशी-चाळिशीतल्या बाया होत्या. क्रिस्टियाने क्नाके ही १०० मीटर बटरफ्लाय एका मिनिटाच्या आत पोहणारी जगातली पहिली स्त्री. गोळ्यांनी माझं शरीर आणि मन दोन्ही मोडलं, आणि माझं पदकही नासवलं, अशा अर्थाचं तिने साक्षीत सांगितलं. समोर तिचाच प्रशिक्षक बसलेला होता. २००० साली सगळ्यांत वरच्या माणसांची पाळी आली. क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना २२ महिन्यांची आणि ह्योप्नर यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली, दोन्ही निलंबित. म्हणजे एक दिवसही तुरुंगात जावं लागलं नाही. एवाल्ड दोन वर्षांनी वारले.

साक्षीदारांत रिका राइनिश होती. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकला ती पंधरा वर्षांची, पाठीवर पोहण्यात अव्वल, तीन सुवर्णपदकं. दोन वर्षांनी अंडाशयाच्या आजाराने इतकी हैराण झाली की आईनेच तिचं पोहणं बंद केलं. तिने नंतर मुलाखतीत सांगितलेली गोष्ट मला कोर्टाच्या निकालापेक्षा जड वाटते. गोळ्यांशिवाय मी जिंकले असते की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही, असं तिचं म्हणणं. माझ्या मते हीच खरी चोरी. पहाटे उठून थंड पाण्यात उतरणं खोटं नव्हतं. हजारो फेऱ्या खोट्या नव्हत्या. पण त्यातलं आपलं किती आणि गोळीचं किती, हा हिशेब कुठल्याही फाइलीत सापडणार नव्हता. आपल्या श्रेष्ठपणावर स्वतःलाच विश्वास ठेवता येऊ नये, आणि तो पुरता नाकारताही येऊ नये.

सगळ्याच जणी असं बोलल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. काहींनी आपल्याला काही माहीतच नव्हतं म्हटलं, काहींनी विषयच काढू दिला नाही. पंधराव्या वर्षी मिळालेली एकमेव मोठी गोष्ट कोणी हातातून काढून घेऊ लागलं, तर माणूस मूठ आवळणारच. त्यांना दोष द्यायला मी धजणार नाही.

१९९८ सालीच अमेरिकेने आणि ब्रिटनने मागणी केली होती की मागच्या पदकांचा फेरविचार व्हावा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नकार दिला. मॉन्ट्रियलचा तक्ता जसा होता तसाच आहे. बळी पडलेल्यांसाठी जर्मनीने २००२ साली कायदा केला आणि १९४ जणांना प्रत्येकी सुमारे १० हजार ४०० युरो मिळाले. येनाफार्मनेही पुढे भरपाई दिली. २०१६ साली दुसरा कायदा झाला. आवाजाचे किती, पाळीचे किती, मुलं न होण्याचे किती, असा दर कुठे लावलेला नव्हता, आणि तो कसा लावणार?

गोळाफेकपटू हायडी क्रीगर हिचंही या खटल्यातलं नाव. पूर्व बर्लिनची, पोलिसांच्या डायनामो क्लबची. सोळाव्या वर्षी निळ्या गोळ्या सुरू झाल्या. १९८६ या एका वर्षात तिला २६०० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा दिली गेली, असं फ्रांके यांच्या कागदांतून दिसतं. त्याच वर्षी श्टुटगार्टला ती युरोपची विजेती झाली. रस्त्यात लोक तिच्याकडे पाहून हेटाळणी करायचे, ही बाई की पुरुष म्हणून. १९९७ साली तिने शस्त्रक्रिया करून घेतली आणि आंद्रेयास क्रीगर या नावाने पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. आपल्याला लहानपणापासून स्वतःबद्दल प्रश्न होते, असं आंद्रेयास यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. त्यांचं दुःख वेगळं आहे: त्या प्रश्नाचं उत्तर मला शोधू दिलं नाही, ते गोळीने परस्पर देऊन टाकलं. २००० च्या खटल्यात साक्ष द्यायला आलेली उटे क्राउजे नावाची एक माजी जलतरणपटू त्यांना तिथेच भेटली. तिलाही त्याच निळ्या गोळ्या दिलेल्या होत्या. पुढे दोघांनी लग्न केलं. श्टुटगार्टचं ते सुवर्णपदक आंद्रेयास यांनी देऊन टाकलं. उत्तेजकांविरुद्ध लढणाऱ्यांना जर्मनीत एक पुरस्कार दिला जातो, त्याच्या मानचिन्हात ते बसवलेलं आहे. पुरस्काराचं नाव हायडी क्रीगर पदक.